माणसांसाठी नाही



या अंकाचं संपादकीय एका पुडीवर आहे. नाकं मुरडू नका. गल्लीत जे विकलं जातं त्यावर चळवळीच्या अनियतकालिकानं लिहायचं नाही तर कोणी लिहायचं? विद्वान लिहितातच. पण त्यांचं लिहिलेलं तुमच्या-माझ्या नाक्यावर येईस्तोवर नाक्यावरची दोन पोरं कमी झालेली असतात.

ही पुडी युरोप-अमेरिकेत पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा तिच्यावर एक वाक्य छापलेलं असायचं : माणसाच्या सेवनासाठी नाही. आत वाळका पाला, वर चकचकीत चांदी, नाव 'स्पाइस' नाहीतर 'के-टू'. विकायची ती धूप म्हणून, सुगंधी मिश्रण म्हणून. ओढण्यासाठीच आहे हे विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्यालाही ठाऊक. वाक्य छापलं ते फक्त कायद्याला चकवायला.

हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीवर, शाळेच्या ओसरीवर ते हजारो वर्षं न लिहिता लिहिलेलं होतं. हे माणसांसाठी आहे, तुम्ही त्यात येत नाही. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी पिऊन ते पुसलं. आता पुडीवर बसून ते उलटं होऊन आलंय : हे माणसांसाठी नाही, तुम्ही घ्या. सालं, काय हिशोब आहे बघा.

शाखेतली पोरं मला विचारतात, भाऊ, ते सिंथेटिक गांजा म्हणतात ते काय असतं? गांजाच ना? तपासणीत सापडत नाय म्हणे. म्हणून आधी सरळ सांगतो.

तो गांजा नव्हे. पाला कसलाही असतो, त्याचा नशेशी संबंध नाही. नशा असते ती प्रयोगशाळेतल्या पावडरीत. ती पावडर द्रावात विरघळवून पाल्यावर फवारतात, वाळवतात, पुडीत भरतात. शास्त्रातलं नाव सिंथेटिक कॅनाबिनॉइड. 'सिंथेटिक गांजा' हे नाव विकणाऱ्याच्या सोयीचं. गांजा म्हटलं की पोराला वाटतं ओळखीचाच पाहुणा आहे, येऊ दे घरात.

हा पाहुणा आला कुठून? अमेरिकेत साउथ कॅरोलायना राज्यात क्लेम्सन विद्यापीठ आहे. तिथं जॉन हफमन नावाचा रसायनाचा प्राध्यापक होता. मेंदूत गांजा नेमका कुठं आणि कसा काम करतो हे शोधण्यासाठी सरकारी पैशावर त्यानं आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी चारशेवर रेणू बनवले. त्यातल्या एकाचं नाव जेडब्ल्यूएच-०१८. पहिली तीन अक्षरं त्याच्याच नावाची. उंदरांवर तपासला, निबंध लिहून छापला. माणसाला द्यायचा म्हणून तो रेणू बनवलेलाच नव्हता. पण छापलेला निबंध कोणीही वाचतो. धंदेवाल्यांनी वाचला आणि कारखान्यात माल निघू लागला. २००८ च्या डिसेंबरात जर्मनीत फ्रँकफर्टच्या प्रयोगशाळेत 'स्पाइस'ची पुडी तपासली तर आत हाच रेणू निघाला. म्हातारा हफमन पुढं जन्मभर सांगत राहिला की हे ओढू नका. २०२२ साली तो वारला. माल थांबला नाही.

औषधाची साधी गोळी बाजारात आणायची तर आधी जनावरांवर, मग थोड्या माणसांवर, त्यांची सही घेऊन, डॉक्टर उशाशी बसवून तपासावी लागते. इथं उंदरानंतर थेट गल्ली. सही नाही, डॉक्टर नाही. पोरगा स्वतःच्या पैशानं प्रयोगाचा उंदीर होतो आणि प्रयोगाची वही कोणीच ठेवत नाही.

आता डोक्यात काय होतं ते ऐका. मेंदूतल्या पेशींवर कुलपं असतात. त्यातल्या एका कुलपाला शास्त्रज्ञ सीबी-वन म्हणतात. या कुलपाच्या किल्ल्या शरीर स्वतःच बनवतं. त्यातली एक १९९२ साली सापडली आणि शोधणाऱ्यांनी तिचं नाव आपल्याच 'आनंद' शब्दावरून आनंदामाइड ठेवलं. भूक, झोप, आठवण, भीती, सगळ्यांत या कुलपाचा हात. गांज्यातला टीएचसी त्याच कुलपात शिरतो, पण किल्ली अर्धीच फिरवतो. प्रयोगशाळेतले हे रेणू ती पुरी फिरवतात. शिवाय जास्त घट्ट बसतात. जेडब्ल्यूएच-०१८ टीएचसीच्या चार-पाच पट घट्ट. नंतर आलेला एएमबी-फ्युबिनाका हा टीएचसीच्या पंच्याऐंशी पट जोरकस मोजला गेलाय. गांज्याच्या झाडात कॅनाबिडिऑल नावाचा दुसरा एक पदार्थ असतो, तो थोडाफार लगाम घालतो. पावडरीत तो लगामही नाही.

गांजा म्हणजे दूध, असं मी म्हणत नाही. कोवळ्या वयात रोज गांजा ओढणाऱ्या काहींचं डोकं कायमचं फिरतं हे डॉक्टर सांगतात आणि वस्तीत आपण बघतो. पण गांज्याच्या अंदाजानं जो ही पुडी ओढतो तो बैलगाडीच्या अंदाजानं लोकलखाली उडी टाकतो.

त्यात फवारणी सारखी बसत नाही. चुना मारताना भिंतीवर कुठं जाड, कुठं पातळ बसतो ना, तसं. एकाच पुडीतल्या पहिल्या विडीनं काहीच होत नाही, दुसरीनं माणूस आडवा. दोन दोस्तांनी एकच पुडी वाटून घेतली तरी दोघांच्या वाट्याला वेगळं मरण येऊ शकतं.

काय होतं? छाती धडाधडा उडते. उलट्या, घाम. कोणीतरी मारायला आलंय अशी भीती, मग समोरच्याच्या अंगावर धावणं. फिट. शुद्ध जाणं. कुणाचा हा वेडाचा झटका तासांत उतरतो, कुणाचा आठवडे उतरत नाही. २०११ साली टेक्सासमधल्या डॉक्टरांनी सोळा वर्षांच्या तीन पोरांची नोंद छापली. तिघांनाही के-टू ओढल्यावर हृदयविकाराचा झटका आलेला. सोळा वर्षांच्या पोराला! २०१२ साली अमेरिकेच्या सहा राज्यांत मिळून सोळा जणांची मूत्रपिंडं अचानक बंद पडली, त्यातल्या पाच जणांना डायलिसिसवर ठेवावं लागलं. आणि रोज ओढणाऱ्यानं एकदम सोडलं की अंग थरथरतं, झोप उडते, उलट्या होतात, कधी फिटही येते. याला उतारा म्हणून वेगळं इंजेक्शन नाही. डॉक्टर सलाईन लावतो, फिट थांबवतो, हृदयावर लक्ष ठेवतो. एवढंच हातात असतं.

'तपासणीत सापडत नाय' हे खरं आहे. गांज्यासाठीची लघवीची साधी तपासणी टीएचसीचे अवशेष शोधते, हे रेणू तिला दिसत नाहीत. मोठ्या प्रयोगशाळेत दिसतात. पण हाच गुण पुडीचा सापळा झाला. इंग्लंडच्या तुरुंगांत कैद्यांची लघवी तपासली जायची, ती तपासणी चुकवायला ही चीज तिथं घुसली. पत्राच्या कागदावर फवारलेली, कागदाच्या चिठोऱ्या करून ओढायची. घरचं पत्र, त्यावर विष. नोकरी जाईल, पॅरोल जाईल म्हणून माणूस कमी धोक्याचं सोडून जास्त धोक्याचं धरतो. तपासणी करणाऱ्याचा कागद कोरा राहतो, तो खूश.

आता ही पुडी पडते कुणाच्या अंगावर ते बघू. १२ जुलै २०१६ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका चौकाच्या आसपास एका दिवसात तेहतीस माणसं रस्त्यावर हलेनाशी झाली. डोळे उघडे, नजर कोरी, हात यंत्रासारखे हलतायत, तोंडातून कण्हणं. अठरा जणांना दवाखान्यात नेलं. पुडीत तोच पंच्याऐंशी पटीचा रेणू निघाला. वर्तमानपत्रांनी त्यांचं नाव ठेवलं 'झोंबी'. म्हणजे चालतं प्रेत. फोटो छापले. ही वस्ती कुणाची, ही माणसं तिथं का झोपतात, हे त्या मथळ्यात मावलं नाही. नाव ठेवलं की माणूस संपतो. आपल्याकडं त्याला 'गर्दुल्ला' म्हणतात. पांढरपेशा कवी ओढतो तेव्हा बंडखोर असतो, आमचा पोरगा ओढतो तेव्हा गर्दुल्ला असतो.

२०१८ साली इलिनॉय राज्यात लोक नाकातून, हिरड्यांतून, लघवीतून रक्त येतंय म्हणून दवाखान्यात यायला लागले. पुडीत उंदीर मारायचं औषध निघालं. ब्रोडिफॅकूम, ज्यानं रक्त गोठायचं थांबतं. दीडशेहून जास्त लोक, चार तरी मेले. वाचले त्यांना महिनोन्महिने व्हिटॅमिन के खावं लागलं. आधी उंदरांवर तपासलं, मग उंदराच्या विषात कालवलं, आणि दिलं माणसाला.

पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते मॉरिशस. तिथं आपली भाषा बोलणारी माणसं आहेत. गुलामगिरी उठल्यावर ऊस तोडायला मजूर हवे होते. १८३४ पासून हिंदुस्थानातून गिरमिटिये नेले, त्यात मुंबईच्या बंदरातून कोकणातली, घाटावरची माणसंही गेली. त्यांच्या आधीपासून तिथं राबत होते ते आफ्रिकेतून, मादागास्करमधून पकडून आणलेले गुलाम. त्यांचे वारस क्रिओल म्हणून ओळखले जातात आणि आजही पोर्ट लुईसच्या कडेच्या वस्त्यांत सगळ्यात खालच्या पायरीवर आहेत. अशाच एका वस्तीत, रोश ब्वा इथं, काया नावाचा गायक जन्मला. सेगा आणि रेगे एकत्र करून त्यानं 'सेगे' गाणं उभं केलं. फेब्रुवारी १९९९ मध्ये गांज्यावरचा गुन्हा उठवा म्हणून झालेल्या सभेत तो गायला. तिथं गांजा ओढला म्हणून पोलिसांनी त्याला धरलं. २१ फेब्रुवारीला तो कोठडीत मेलेला सापडला, कवटीला मार. बेटावर दिवसचे दिवस आगडोंब उसळला, आणखी माणसं मेली. त्याच्या मरणाबद्दल शिक्षा कोणालाच झाली नाही.

पुढं काय झालं? गांज्यावरची कारवाई चालूच राहिली, गांजा महाग झाला. २०१३ च्या सुमाराला तिथं ही पावडर पोचली. तिथं तिला 'शिमिक' म्हणतात, म्हणजे केमिकल. गांज्याहून कितीतरी स्वस्त, म्हणून गरीब वस्तीतल्या पोरांच्या हातात आधी. प्रकरण इतकं वाढलं की मादक द्रव्यांच्या व्यापारावर सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. न्यायमूर्ती लाम शांग लीन यांच्या त्या आयोगाचा अहवाल २०१८ मध्ये आला. म्हणजे झाड ओढणारा कोठडीत मेला आणि त्याच्या गल्लीत रसायन आलं. यात कुणाचं भलं झालं ते तुम्हीच सांगा.

धंद्याच्या बाजूनं गणित सोपं आहे. गांज्याचं पोतं वास मारतं, जागा खातं, कुत्रं हुंगतं. पावडर पाकिटात मावते. ब्रुकलिनच्या पुडीत एक ग्रॅम पाल्याला सोळा मिलिग्रॅम माल होता. म्हणजे एक किलो पावडरीत बासष्ट किलो पाला तयार. एक रेणू कायद्यात बसवला की त्याचं एक टोक बदलून दुसरा काढायचा. जेडब्ल्यूएच-०१८ ला संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये यादीत घातलं तेव्हा बाजार कधीच पुढं गेला होता. चीननं १ जुलै २०२१ पासून एकेक रेणू न धरता आख्ख्या जातीवरच बंदी घातली, तर त्या व्याख्येच्या बाहेरचे रेणू आले. युरोपच्या यादीत आजवर अडीचशेहून जास्त झालेत. आणि आता हे सिगारेटच्या रूपात नाही, तर विजेच्या सिगारेटीच्या द्रवातही येतं. २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठानं ३८ शाळांत जप्त झालेल्या अशा सिगारेटी तपासल्या. दर सहांतल्या एकीत स्पाइस. पोरं गांजाचा अर्क समजून ओढत होती. आपल्याकडं त्या सिगारेटींवर २०१९ पासून बंदी आहे. बंदी असलेली वस्तू कुठल्या नाक्यावर मिळते ते तुम्हाला माहीत आहे.

मी गोदीत काम करतो. ड्रम उतरतात तेव्हा प्रत्येकावर चौकोनी चिठ्ठी असते. कवटी, नाहीतर ज्वाळा, नाहीतर हातावर सांडणारं तेजाब, आणि खाली चार आकडी नंबर. चिठ्ठी फाटलेली असली तर आमची टोळी ड्रमाला हात लावत नाही, मुकादमानं कितीही आईबहीण काढली तरी. हा हक्क कुणी दान दिलेला नाही. कामगार मेले, भाजले, भांडले, तेव्हा मिळाला. लोखंडी ड्रमातलं रसायन बाहेरून उचलायला मी चिठ्ठी मागतो आणि तेच रसायन छातीत ओढताना मागायची नाही?

आता थोडं आपल्याच कवींशी. या पत्त्यावर कविता येतात. चांगल्या येतात. पण दहातल्या चार कवितांत धूर असतो, चिलीम असते, आणि शेवटी व्यवस्थेला शिवी. मित्रांनो, मीही शिवी देतो. पण नशेलाच विद्रोह समजायची ही खोड कुणाची? ज्यांच्या घरी परत जायला गादी आहे त्यांची. ते वर्षभर गल्लीत येतात, धूर काढतात, पुस्तक काढतात, मग नोकरीला लागतात. आपल्या पोराला परत जायला गल्लीच असते. धुराच्या कविता आम्ही छापू, कवितेवर सेन्सॉर बसवायला आम्ही सरकार नाही. पण धुरात पडलेल्या पोराच्या आईवरची कविता कुणी पाठवेल तर ती आधी छापू.

आणि थोडं आपल्याच उपदेशकांशी. तुम्ही पाचवं शील सांगता. बावीस प्रतिज्ञांतली दारू न पिण्याची प्रतिज्ञा सांगता. सांगा, ती मलाही पाठ आहे. पण १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी ती माणसाला उभं करायला दिली, पडलेल्याला हाणायला नव्हे. व्यसनी पोराला विहारातून हाकलायचं आणि पुडीवाल्याची वर्गणी जयंतीच्या पावतीबुकात घ्यायची, हे दोन्ही एका हातानं होत असेल तर तो हात आधी धुवा. पुडीच्या पैशानं बाबासाहेबांचा पुतळा सजवू नका. ही या संपादकीयातली सगळ्यात महत्त्वाची मागणी समजा.

१९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली ती ओकलंडच्या ब्लॅक पँथरकडून नाव घेऊन. मग त्यांचं कामही थोडं घेऊ. १९७० साली न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये हेरॉइननं वस्त्या पोखरल्या होत्या. सरकारी लिंकन हॉस्पिटल मोडकळीला आलेलं. पोर्तो रिकन पोरांच्या यंग लॉर्ड्सनं जुलैत ते हॉस्पिटल ताब्यात घेऊन सरकारला हलवलं. नोव्हेंबरात यंग लॉर्ड्स, पँथर आणि वस्तीतल्या लोकांनी तिथंच व्यसनमुक्तीचा विभाग सुरू केला. उपचारही तिथं, राजकीय वर्गही तिथंच. तुझ्या शिरेत हे विष आलं कुठून, तुझ्याच वस्तीत का आलं, हे पेशंटला शिकवायचे. १९७८ मध्ये पोलीस घालून तो मोडला. आठ वर्षं चालला हे लक्षात ठेवा.

आपण काय करू शकतो? मोठी भाषणं सोडा, एवढं करा.

कुणी पुडी ओढून पडला तर त्याला एकटं टाकून पळू नका. कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात जाणार नाही. कपडे सैल करा, गर्दी हटवा. फिट आली तर चप्पल हुंगवू नका, कांदा हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका. ताक, लिंबू, पाणी काहीही तोंडात ओतू नका. १०८ ला फोन करा. पुडी उरली असेल तर ती डॉक्टरला दाखवा आणि काय ओढलं ते खरं सांगा, कारण साध्या तपासणीत ते दिसणार नाही आणि डॉक्टर भलत्याच रोगाचा शोध घेत बसेल.

सुटायचं असेल तर पोराला खोलीत कोंडून, मारून सोडवू नका. सोडताना फिट येऊ शकते. सरकारी दवाखान्यात न्या. सामाजिक न्याय मंत्रालयाचा १४४४६ हा फुकटचा नंबर आहे. पोलिसांची भीती वाटते, ती खोटी नाही. पण १९८५ च्या मादक द्रव्यांच्या कायद्यातच कलम ६४-अ आहे : नुसत्या सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेईल तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धा सोडला तर ही सूट काढून घेता येते. हे कलम पाठ करा. चौकीत आपल्याला ते कोणी सांगणार नाही.

आणि प्रत्येक शाखेनं एक काम करायचं. आपल्या वॉर्डातल्या सरकारी दवाखान्यात जायचं आणि तीन गोष्टी लिहून आणायच्या. व्यसनमुक्तीच्या खाटा किती. मानसोपचाराचा डॉक्टर आठवड्यात किती दिवस बसतो. दाखल करून घ्यायला कोणते कागद मागतात. माहिती देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज टाका, त्याची पोच जपून ठेवा. उत्तरं आली तरी पाठवा, नाही आली तरी तसं लिहून पाठवा. वॉर्डवार यादी पुढच्या अंकात छापणार आहोत. जिथं खाटा शून्य निघतील, तिथल्या दवाखान्याच्या दारात यादी घेऊन बसायचं. तारीख त्याच अंकात.

— संपादक